पोहता येत नाही, तरी मालवणात कायाक आणि स्नॉर्कलिंग जमेल का?

नमस्कार. पुढे वाचणाऱ्यांसाठी तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. तुम्ही कोथरूडचे, वय ४२. सोबत पत्नी, ११ वर्षांचा मुलगा आणि ६८ वर्षांचे वडील, ज्यांची तीन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली आहे. मुलगा पोहतो, तुम्ही दोघं नाही. शुक्रवारी रात्री स्वारगेटहून बस, शनिवारी सकाळी मालवण, दिवसभर कायाकिंग आणि स्नॉर्कलिंग, रात्री परतीची बस, रविवारी सकाळी घरी, अशी एक ट्रिप तुम्हाला दिसली. जाहिरातीत लिहिलंय, 'पोहता येण्याची गरज नाही.' हे खरं का, डिसेंबरात जावं की मे महिन्याच्या सुट्टीत, आणि वडिलांना न्यावं का, असं तुम्ही विचारलंय.

मी सिंहगड रोडला राहतो, पण ऑक्टोबर ते मे निम्मे शनिवार-रविवार मालवणच्या पाण्यावर असतो. सतरा हंगाम झाले. माझं उत्तर असं: जा, जरूर जा, पण या वेळापत्रकाने नको. आणि निघण्याआधी पुण्यात चार संध्याकाळी खर्च करा.

'पोहता येण्याची गरज नाही' हे वाक्य खोटं नाही. लाइफ जॅकेट मापाचं आणि नीट आवळलेलं असेल तर न पोहणारा तरंगतो. पण तुम्ही पोहण्याची काळजी करताय आणि माझ्या अनुभवात गडबड होते ती दुसऱ्याच दोन जागी. एक म्हणजे तोंड पाण्यात बुडवून श्वास घेणं. दुसरी म्हणजे 'आज पाण्यात जायचं नाही' हे सांगायचा अधिकार नक्की कोणाकडे आहे. या दोन्हींबद्दल जाहिरातीत एक अक्षर नसतं.

आधी श्वासाचं. स्नॉर्कलिंग म्हणजे मास्क लावून, तोंडातल्या नळीने श्वास घेत पाण्यावर पालथं तरंगणं. माणूस रिंग धरून पाण्यात उतरतो. मास्क घातलेला, नळी तोंडात. पहिले चार-सहा श्वास ठीक जातात. मग एक बारकी लाट नळीच्या टोकावरून जाते आणि घोटभर खारं पाणी घशात उतरतं. डोकं झटक्यात वर. नाक मास्कच्या आत बंद, तोंडात नळी, त्यामुळे त्याला वाटतं हवाच संपली. पुढच्या क्षणी तो मास्क उपटून कपाळावर सरकवतो. आता नाकातही पाणी. पाय सायकल मारायला लागतात, अंग उभं होतं, आणि पाण्यात उभ्या अंगाने डोकं वर ठेवायचं तर आडवं तरंगण्यापेक्षा कितीतरी जास्त दम लागतो. हे सगळं पंधरा-वीस सेकंदांत. खाली पाणी तीन मीटर, अंगात जॅकेट, हातात रिंग, तरी आपण बुडतोय हे त्याच्या मनाने घेतलेलं असतं. म्हणून आम्ही लोकांच्या हातापायांकडे नंतर बघतो, आधी मास्क कुठे आहे ते बघतो. मास्क कपाळावर गेला की त्या माणसाकडे निघायचं, त्याने हाक मारायची वाट बघायची नाही.

यात पट्टीचे पोहणारेही सापडतात. टिळक टँकवर वर्षानुवर्षं पोहणारे एक काका आमच्याबरोबर आले होते. त्यांची सगळी सवय मान वळवून श्वास घ्यायची आणि नाकाने सोडायची. मास्कमध्ये नाकाने श्वास सोडला की काच धुरकट होते आणि कडेने पाणी आत येतं. काका वैतागून दहा मिनिटांत बोटीवर. त्यांच्या सूनबाईंना पोहण्याचा गंध नव्हता, पण त्या पाऊण तास पाण्यावर पडून होत्या. त्यांनी घरी तयारी केली होती, काकांना ती गरजेची वाटली नव्हती.

तयारी म्हणजे काय, तर आधी बादली. हसू नका. मास्क आणि नळी विकत घ्या किंवा कोणाची आणा, आणि घरी पाण्यात तोंड घालून पाच मिनिटं फक्त तोंडाने श्वास घ्या. नळी कानाजवळून वर येते, तिला बादलीचा काठ आडवा येतो, म्हणून पसरट टब किंवा घमेलं सोयीचं. पहिल्या मिनिटात छाती घाबरते. तिसऱ्या मिनिटाला श्वास लांब होतो. तो लांब, संथ श्वास तुम्हाला मालवणला न्यायचा आहे. मुलाला करायला लावताना जवळ उभे राहा.

मग जवळच्या टँकवर तीन-चार संध्याकाळी. बऱ्याच ठिकाणी बॅचच्या वेळी नळी-मास्क चालवून घेत नाहीत, तेव्हा तिथल्या जीवरक्षकाशी आधी बोला. उथळ बाजूला काठ धरून तोंड पाण्यात घाला. घरातल्या कोणाला तरी ओंजळभर पाणी नळीत ओतायला सांगा आणि डोकं वर न काढता जोरात 'थू' करून ते उडवा. पहिल्यांदा ठसका लागेल, पाचव्यांदा लागणार नाही. एवढं जमलं की शेवटचा धडा: पोटावर तरंगत असताना कूस बदलून पाठीवर या, नळी तोंडातून काढा, आभाळाकडे बघत श्वास घ्या. न पोहणाऱ्या माणसाला समुद्रात यापेक्षा उपयोगी काही येत नाही. पाठीवर आलात की नाक-तोंड हवेत असतं आणि पुढचं काम वाटाड्याचं.

मास्क निवडताना पट्टा न लावता तो चेहऱ्यावर टेकवा आणि नाकाने हलकी हवा ओढा. हात सोडल्यावरही चिकटून राहिला तर माप बरोबर. दाढी-मिशीवाल्यांचा मास्क ओठावरून गळतो. तिथे व्हॅसलिनचा जाड थर लावला तर बरंच भागतं, पण एका गृहस्थांनी ट्रिपच्या पहाटे मिशीच उतरवली आणि नाश्त्याला त्यांना कोणी ओळखेना. चष्मा मास्कच्या आत बसत नाही. नंबरचे मास्क मिळतात, आयोजकाला आधी विचारा. पूर्ण चेहरा झाकणारे नवे मास्क दिसायला सोपे वाटतात, पण मी ते माझ्या गटात वापरू देत नाही. सोडलेली हवा आत साचून राहिली तर तीच पुन्हा ओढली जाते, आणि घाबरलेल्या माणसाला ते झटकन काढता येत नाहीत.

आता कायाक. पर्यटकांना देतात ती वर बसायची कायाक असते, आत पाय घालून बसायची नाही. तिला तळाला आरपार भोकं असतात. त्यातून पाणी वर आलेलं बघून लोक 'होडी फुटली' म्हणून ओरडतात, पण ती भोकं आत आलेलं पाणी निघून जायलाच ठेवलेली असतात. ही कायाक उलटली तरी माणूस आत अडकत नाही. प्रश्न उरतो परत वर चढण्याचा. निघण्याआधी किनाऱ्याजवळ छातीभर पाण्यात मी प्रत्येकाला मुद्दाम पाडतो. हात पलीकडच्या कडेला, पाय मागे तरंगते, आणि मग आधी पोट, नंतर बूड, शेवटी पाय. लोक आधी गुडघा टाकायला जातात आणि कायाक पुन्हा अंगावर घेतात. तुमचा वाटाड्या ही तालीम न घेता निघाला तर तुम्हीच म्हणा, 'एकदा पडून बघतो.' जॅकेटचं माप बघायचं असेल तर कोणाला तरी दोन्ही खांद्यांवरचे पट्टे वर ओढायला सांगा. जॅकेट कानापर्यंत आलं तर ते ढिलं आहे. मुलाला मोठ्यांचं जॅकेट 'घट्ट करून' देऊ लागले तर घेऊ नका. त्याच्या वजनाचंच हवं.

दोघांच्या कायाकमध्ये नवरा-बायकोला मी शक्यतो एकत्र बसवत नाही. वल्ही एकमेकांवर आपटतात, आणि पाण्यावरून आवाज फार लांब जातो. तुम्ही मुलाला पुढे घ्या, पत्नीला वाटाड्याबरोबर बसू द्या.

वाऱ्याचं मात्र सविस्तर सांगतो, कारण इथेच लोक फसतात. शाळेत भूगोलात मतलई वारे आणि खारे वारे शिकलो, ते इथे अंगावर येतात. हिवाळ्यात पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. किनाऱ्याजवळचं पाणी अगदी सपाट दिसतं आणि कायाक आपोआप बाहेर सरकते. नवख्यांना वाटतं आपण फार छान वल्हवतोय. नऊ-दहाच्या सुमाराला तो वारा मरतो. अकरा-बाराला वायव्येकडून खारा वारा सुरू होतो आणि दुपारभर वाढत जातो. लोक म्हणतात, 'तो तर किनाऱ्याकडे ढकलतो, बरंच झालं की.' वाळूच्या किनाऱ्यावर असाल तर ठीक. खडकाळ किनाऱ्यावर किनाऱ्याकडे ढकललं जाणं हेच संकट आहे. लाट कातळावर आपटून परत येते, पुढच्या लाटेशी भिडते, आणि त्या पट्ट्यात पाणी कुठल्याही बाजूने उसळतं. कायाक सरळ राहत नाही. कातळावर कालवं असतात, त्यांच्या शिंपा ब्लेडसारख्या कापतात. म्हणून शांत दिवशीही आम्ही खडकापासून चार-पाच कायाकांइतकं अंतर ठेवतो, आणि कुठल्याही घळीजवळ जाण्याआधी दहा मिनिटं नुसतं बघत थांबतो. बराच वेळ लहान लाटा येतात आणि मग एकामागून एक दोन-तीन मोठ्या. त्या मोठ्या बघितल्याशिवाय जागा कशी आहे ते कळत नाही.

हे मी चूक करून शिकलो. काही वर्षांपूर्वी, फेब्रुवारीत, गटाची बस घाटात रखडून उशिरा आली. सातला पाण्यात असायचं ते पावणेदहा झाले. आमच्या बोटीचा तांडेल, म्हणजे बोट चालवणारा प्रमुख, म्हणाला, "उशीर झालो. आज किल्ल्याच्या मागे नको." लोक पुण्याहून रात्रभर बसून आलेत, पैसे भरलेत, निराश कसं करायचं, या विचारात मी निघालो. साडेअकराला वारा आला. सहा कायाकांपैकी दोन जागच्या हलेनात. वल्हवत होते, पण किनाऱ्यावरचा माड त्यांच्या मागे जाईना. नवखा माणूस ताशी तीन-चार किलोमीटरने जातो आणि तेवढं बळ समोरचा वारा सहज खाऊन टाकतो. हळूहळू त्या दोन्ही कायाक खडकाकडे सरकू लागल्या. तांडेल न सांगता बोट घेऊन मागे आला होता म्हणून दोर बांधून ओढत आणलं. कोणाला खरचटलंही नाही. तांडेल मला रागावलाही नाही, फक्त चहा पिताना म्हणाला, "पैसे परत देवक येतत." त्या वर्षापासून माझा नियम आहे: साडेआठपर्यंत पाण्यात उतरलो नाही तर त्या दिवशी खडकांकडे जायचं नाही, खाडीत वल्हवायचं.

म्हणजेच 'दिवसभर कायाकिंग आणि स्नॉर्कलिंग' हे जाहिरातीतच चुकलेलं आहे. हे काम सकाळचं. साडेसहा-सातला सुरू, साडेदहापर्यंत किनाऱ्यावर. जे लोक दुपारी दोनला खडकाळ भागात स्नॉर्कलिंगला नेतात ते एकतर आडोशाची एखादी फार चांगली जागा जाणून आहेत किंवा त्यांना तुमच्या पैशांची घाई आहे.

भरतीचा हिशोब कोकणात तिथीवर करतात, पुण्यात कालनिर्णय बघून तुम्हीही करू शकता. तिथीच्या पाऊणपट म्हणजे भरती पूर्ण होण्याची ढोबळ वेळ. अष्टमीला सहाला, पौर्णिमेला सव्वाअकराच्या आसपास. ओहोटी त्यानंतर सुमारे सहा तासांनी. पौर्णिमा-अमावास्येजवळ उधाण असतं, पाणी जास्त चढतं-उतरतं, प्रवाह ओढतो आणि तळाची माती ढवळून पाणी गढूळ होतं. अष्टमीनंतरचे दोन-तीन दिवस भांगाचे, तेव्हा पाणी सुस्त. मला आवडतात त्या दशमी आणि एकादशी: भरती साडेसात ते सव्वाआठला, म्हणजे आपण उतरतो तेव्हा समुद्राकडचं स्वच्छ पाणी खडकांवर आलेलं असतं, आणि भांग नुकताच संपत असल्याने ओढ कमी. ओहोटीला खाडीतलं गढूळ पाणी बाहेर येतं, मास्कमधून ताकात बघितल्यासारखं दिसतं. एकादशीला मासे खायचे नाहीत, बघायचे, असा विनोद आमच्याकडे दर हंगामात कोणीतरी करतोच.

हा आडाखा झाला. नेमक्या वेळा भरतीच्या तक्त्यात बघाव्यात, आणि लाटांसाठी हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी संस्थेचा समुद्राचा अंदाज. त्यात लाटेची उंची असते आणि दोन लाटांमधलं अंतर सेकंदांत. लोक फक्त उंची बघतात. मीटरभर उंचीची पण चौदा-पंधरा सेकंदांनी येणारी लाट लांबून आलेली असते, खोल पाण्यात ती जाणवतही नाही आणि खडकावर मात्र चढून येते. स्वच्छ ऊन, वारा नाही, आणि तरी 'आज नको' असं तांडेल म्हणतो ते बहुतेक वेळा याच कारणाने.

डिसेंबर की मे? डिसेंबर, खरं तर डिसेंबर मध्य ते फेब्रुवारी. ऑक्टोबरात नद्यांनी आणलेला गाळ पुरता बसलेला नसतो. मार्चनंतर दुपारचा वारा लवकर आणि जोरात येतो. मे महिन्यात मोठ्या लाटा येऊ लागतात, आणि पावसाळ्याच्या तोंडावर प्रशासन जलक्रीडा बंद करतं ते पावसाळाभर. नाताळचा आठवडा टाळा. गर्दीत वाटाड्याच्या वाट्याला जास्त माणसं येतात. डिसेंबरातसुद्धा पाणी गढूळ निघू शकतं, हे मनाशी धरून जा. चार-पाच मीटर स्वच्छ दिसलं की आम्ही खूश असतो. अंदमानची चित्रं बघून येणाऱ्यांची निराशा होते.

जे दिसतं ते मात्र आपलं आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या पाण्यात प्रवाळ आहेत आणि १९८७ साली इथे मालवण सागरी अभयारण्य जाहीर झालं. पट्ट्यापट्ट्यांचे छोटे मासे झुंडीने येतात. नशीब असेल तर खडकाच्या कपारीत हेकरू हा मोठ्या तोंडाचा मासा तोंड काढून बसलेला दिसतो, एखादी माकुल (स्क्विड) रंग बदलत मागे सरकते. पोपट मासा खडक कुरतडतो तेव्हा कान पाण्यात असले की त्याची कुरकुर ऐकू येते, घरात कोणी चकली खातंय तशी. मुलाला हे आधी सांगून ठेवा, तो ऐकण्यासाठी शांत पडून राहील. काही जण मासे गोळा व्हावेत म्हणून पाण्यात ब्रेड टाकतात. फोटो छान येतो, पण मासे प्रवाळाजवळ चरायचं सोडून बोटींमागे धावू लागतात आणि उरलेला लगदा खाली प्रवाळावर बसतो. नको म्हणून सांगा. प्रवाळावर उभं राहायचं नाही, तुकडा उचलायचा नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे.

वेळापत्रक. पुणे ते मालवण साधारण ३८० किलोमीटर. कोल्हापूर, राधानगरी, फोंडा घाट, कणकवली या वाटेने आठ-नऊ तास, बसला त्याहून जास्त. रात्रभर वळणं खात, अर्धवट झोपून, उलटीची गोळी घेऊन आलेला माणूस सकाळी सातला नळीतून श्वास घेणार. झोप नसली की थंडी लवकर वाजते, मळमळ लवकर होते आणि भीतीही लवकर येते. नळी तोंडात असताना उलटी होणं हा काय प्रकार असतो, ते मी इथे लिहीत नाही. शुक्रवारी रात्रीच निघायचं असेल तर शनिवारी सकाळी झोपा, संध्याकाळी तारकर्लीजवळ कर्ली नदीच्या खाडीत कायाकची तालीम करा, लवकर जेवून पडा, आणि रविवारी पहाटे समुद्र. दुपारी निघालात तर मध्यरात्रीपर्यंत कोथरूड. सोमवारची रजा मिळाली तर आणखी चांगलं. पॅकेजमध्ये स्कूबाही, म्हणजे हवेची टाकी घेऊन पाण्याखाली जाणं, गळ्यात मारतील. ते केलंत तर मात्र त्याच दिवशी घाट चढू नका, एक रात्र खालीच काढा. शरीरात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो. नुसत्या स्नॉर्कलिंगला ही अट नाही. आणि खरोखर एकच दिवस हाताशी असेल तर ताम्हिणीमार्गे रायगडच्या किनाऱ्याला जा आणि फक्त कायाक करा. तिकडच्या पाण्यात गाळ जास्त असतो, मास्क घालून हिरवटपणाखेरीज फारसं काही दिसणार नाही.

वडिलांचं. इथे मी डॉक्टर नाही हे आधी. पाण्यात उतरल्यावर पाण्याच्या दाबाने हातापायांतलं रक्त छातीकडे सरकतं, हृदयाचं काम वाढतं. त्यात नळीतून श्वास ओढायला थोडा जादा जोर लागतो. निरोगी माणसाला हे कळतही नाही. ज्यांना हृदयाचा त्रास झालाय त्यांना मी कार्डिओलॉजिस्टने 'स्नॉर्कलिंग' हा शब्द ऐकून लेखी होकार दिल्याशिवाय नळी देत नाही. 'व्यायाम करायला हरकत नाही' एवढ्यावर नाही. ते रागावतील. त्यांना जेट्टीवरून होडीने सिंधुदुर्गात पाठवा. १६६४ साली महाराजांनी बांधायला घेतलेला किल्ला, चारी बाजूंनी खारं पाणी आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी. आमच्या गटातले एक आजोबा तिथून परतले ते आम्हालाच दोन तास माहिती सांगत होते.

आयोजकाला फोन करताना 'सेफ आहे ना?' विचारू नका, उत्तर ठरलेलं असतं. विचारा, गेल्या हंगामात किती वेळा ट्रिप रद्द केली? 'एकदाही नाही' असं अभिमानाने सांगणाऱ्याकडे मी माझी माणसं पाठवणार नाही. रद्द झाली तर पैसे किती परत, आणि रद्द करायचं ते पुण्यातलं ऑफिस ठरवतं की पाण्यावरचा माणूस? पाण्यात आमच्याबरोबर प्रत्यक्ष कोण असेल आणि त्याने जीवरक्षकाचं शिक्षण कुठे घेतलंय? गोव्याच्या राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेसारख्या ठिकाणचं प्रमाणपत्र असेल तर ते दाखवायला कोणी लाजत नाही. एका वाटाड्यामागे माणसं किती? न पोहणारे असतील तर स्नॉर्कलिंगला मी दोघांमागे एक धरतो, कायाकला चार कायाकांमागे दोन, एक पुढे आणि एक शेवटी. सोबत इंजिनची बोट आहे का? एवढं विचारल्यावर समोरचा चिडला तर तेही उत्तरच आहे.

सामानात पूर्ण बाह्यांचे पोहण्याचे टी-शर्ट घ्या, सुती नको, ओला सुती कपडा वाऱ्यात गारठवतो. पोटऱ्या आणि मानेची मागची बाजू हमखास भाजते, कारण तासभर पाठ उन्हाकडे असते. पायात जुने कॅनव्हासचे बूट. पाण्यात जाण्याआधी घावणे-चटणी थोडीच, मिसळ परत आल्यावर. बरोबर मुलाच्या वयाची आणखी पोरं असतील तर 'कोण जास्त वेळ श्वास रोखतो' हा खेळ पाण्यात अजिबात होऊ देऊ नका. जोरजोरात श्वास घेऊन मग बुडी मारणारा मुलगा काही न सांगता पाण्याखालीच बेशुद्ध होऊ शकतो, आणि पोहणारी मुलंच हा खेळ खेळतात.

तारीख नक्की करायच्या आधी बादलीचा प्रयोग दोघांनीही करा आणि पाच मिनिटं पूर्ण होतात का ते इथेच कळवा. नाही झाली तर कितव्या मिनिटाला डोकं वर आलं तेही लिहा, म्हणजे टँकवर सुरुवात कुठून करायची ते सांगता येईल.